प्रस्तावना : प्रश्न वर्गातलाच हवा

‘०.५ मोठी की ०.३५?’ हा प्रश्न सहावीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहावा. बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. प्रश्न तोंडी विचारला तर पुढच्या बाकावरून बरोबर उत्तर येतं, बाई ‘शाब्बास’ म्हणतात आणि तास पुढे सरकतो. बाकीच्यांच्या मनातले पस्तीस मनातच राहतात. हाच प्रश्न पडद्यावर आला, प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं, आणि कुणाचंही नाव न घेता पडद्यावर दोन खांब उभे राहिले, ०.५ चा एक आणि त्याहून उंच ०.३५ चा, तर पुढच्या दहा मिनिटांत काय शिकवायचं हे शिक्षकाला तिथेच ठरवावं लागतं. संगणकावरच्या प्रश्नखेळाची किंमत माझ्या मते त्या दोन खांबांत आहे. संगीत, रंग, घड्याळ, गुण हा सगळा सरंजाम मुलांना तिथवर आणण्यासाठी.

हे पुस्तक अशा खेळांविषयी आहे, आणि त्यातही शिक्षकाला आपल्या वर्गापुरते बदलून घेता येतील अशा खेळांविषयी. तयार प्रश्नांच्या ढिगातून एक संच उचलायचा आणि लावून द्यायचा, हा प्रकार आता सगळीकडे दिसतो. त्याने तास मजेत जातो, पण दोन खांब मात्र क्वचितच उभे राहतात, कारण प्रश्न लिहिणाऱ्याला तुमच्या वर्गाची चूक ठाऊक नसते. ‘प्रश्न कुणी लिहायचा’ हा या विषयाचा मूळ झगडा आहे आणि तो शंभर वर्षांचा आहे.

ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात एक छोटं यंत्र बनवलं. खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय, बाजूला चार कळा. एका पद्धतीत यंत्र नुसती परीक्षा घ्यायचं. दुसऱ्या पद्धतीत बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न पुढे सरकतच नसे. ठरावीक उत्तरं बरोबर आली की गोळी बाहेर टाकणारी जोडणीही त्याला होती. आजच्या पडद्यावर उधळणारे रंगीत कागद पाहिले की प्रेसींची ती गोळी आठवते. फरक इतकाच की ती खाता तरी येई. पुढे जागतिक मंदी आली, यंत्राला गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि प्रेसींनी १९३२ मध्ये हे काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

मग आले बी. एफ. स्किनर. १९५३ मध्ये ते आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, आणि सगळ्यांना एकाच चालीने चालावं लागतं, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. त्यांच्या यंत्रात प्रश्नांच्या पायऱ्या इतक्या लहान होत्या की मूल शक्यतो चुकूच नये. बहुपर्यायी प्रश्न त्यांना नकोसे होते: चुकीचं उत्तर छापून मुलासमोर ठेवायचंच कशाला? याच्या नेमकं उलट मत नॉर्मन क्राउडर यांचं होतं. अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणाच्या कामातून आलेल्या या माणसाला चूक हवीच होती. विद्यार्थ्याने कोणता चुकीचा पर्याय निवडला त्यावरून त्याचा गोंधळ कळतो, आणि त्या गोंधळासाठी लिहिलेल्या वेगळ्या पानावर त्याला पाठवता येतं, असं ते म्हणत. स्किनर यांचं नाव मोठं झालं. वर्गात मात्र मला क्राउडरच जास्त उपयोगी वाटतात.

या दोघांच्याही पद्धतीत प्रश्न लिहिणारा तज्ज्ञ वर्गाबाहेर बसलेला असे. ते पहिल्यांदा ठळकपणे बदललं इलिनॉय विद्यापीठात. १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी तिथे ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली उभी केली, आणि त्याच दशकात पॉल टेन्झार यांनी तिच्यासाठी ‘ट्यूटर’ नावाची भाषा रचली. ज्याला संगणकशास्त्र येत नाही अशा शिक्षकालाही स्वतःचा पाठ आणि स्वतःचे प्रश्न यंत्रात घालता यावेत, हा तिचा हेतू. प्लेटो महाग होती, तिची यंत्रं थोड्याच संस्थांना परवडली. पुढे घरगुती संगणक आले, मग इंटरनेट आलं, आणि कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातून निघालेल्या ‘हॉट पोटॅटोज’सारख्या साधनांनी हे काम एका शिक्षकाच्या टेबलावर आणून ठेवलं: रिकाम्या जागा, जोड्या, शब्दकोडं, जे हवं ते स्वतः भरा.

शाळेतल्या खेळाला त्याचा चेहरा मात्र दूरचित्रवाणीने दिला. अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेल्या ‘जेपर्डी’चा चौकटींचा फळा तिथल्या हजारो शिक्षकांनी पॉवरपॉइंटमध्ये उतरवला. आपल्याकडे सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ १९८५ मध्ये दूरदर्शनवर आला, २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. स्नेहसंमेलनात किंवा विज्ञानदिनी शाळेत होणारी प्रश्नमंजूषा बहुधा याच साच्यातली असते. निळी पार्श्वभूमी, षटकोनी पट्ट्या, तोच धडधडता ठेका, आणि कुणीतरी ‘लॉक किया जाय’ म्हणतंच. हे सादरीकरण बनवणाऱ्या गुरुजींच्या चिकाटीला मी मानते, पण दूरचित्रवाणीच्या साच्यात एक खोट आहे. खुर्चीवर एक जण खेळतो आणि उरलेले प्रेक्षक होतात. शाळेतल्या आंतरगट स्पर्धेत चार जण खेळतात आणि चाळीस जण टाळ्या वाजवतात. समारंभाला ते ठीक, शिकवण्याला नाही.

सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर द्यायचं, ही दुसरी परंपरा महाविद्यालयांत वाढली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मेझर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्याख्यान मध्येच थांबवून एक संकल्पनात्मक प्रश्न टाकू लागले. प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा मत द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हाच ही चर्चा रंगते: त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा शिकवावा, जास्त असतील तर पुढे जावं. सुरुवातीला हातातले कागदी पत्ते होते, नंतर ‘क्लिकर’ नावाची बटणं आली, आता फोन आले. माध्यम बदललं तरी चाल तीच आहे. नवं काही करू पाहणाऱ्या शिक्षकाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही दुसऱ्या मतदानाची चाल सांगेन.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या विद्यापीठात आल्फ इंगे वांग यांनी या दोन परंपरांची गाठ घातली. व्याख्यानालाच प्रश्नखेळाचं रूप द्यायचा त्यांचा प्रयोग २००६ पासूनचा, आणि त्यातूनच पुढे ‘काहूट’ निघालं, जे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पडद्यावर प्रश्न, हातात फक्त चार रंगीत आकार, लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. याच सुमारास इतरही धागे जुळत होते. कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी मुलाने फ्रेंच शब्द पाठ करण्यासाठी २००५ मध्ये लिहिलेला कार्यक्रम ‘क्विझलेट’ झाला. २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘क्विझिझ’ने प्रश्न प्रत्येकाच्या स्वतःच्या पडद्यावर आणला, म्हणजे ज्याला वेळ लागतो तो वेळ घेऊ शकतो, २०२५ मध्ये त्याचं नाव ‘वेग्राउंड’ झालं. ‘प्लिकर्स’मध्ये तर मुलांच्या हातात उपकरणच नसतं. प्रत्येकाकडे एक छापील चौकोनी कार्ड, ते फिरवून हवी ती बाजू वर धरायची, आणि शिक्षकाचा एकच फोन वर्गावरून फिरून सगळी उत्तरं टिपतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना यातलं सर्वांत जवळचं साधन कोणतं, हे निराळं सांगायला नको.

या साधनांच्या मागे उभे असलेले विचार मात्र एकमेकांशी भांडत असतात, आणि नवख्या वाचकाला ते भांडण माहीत असलेलं बरं.

एक पक्ष स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदाच वाचून नंतर तो आठवून लिहिण्याच्या चाचण्या दिल्या. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि चाचणी देणाऱ्यांना ६१ टक्के. आठवण्याच्या कष्टानेच आठवण पक्की होते, असा याचा अर्थ, आणि म्हणून प्रश्नखेळ हा धडा संपल्यावरचा विरंगुळा न राहता शिकण्याचाच भाग ठरतो. पण याच अभ्यासकांनी एक धोकाही दाखवला आहे. बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय मुलाच्या डोक्यात खरा म्हणून बसू शकतो, म्हणजे स्किनर यांची भीती अगदीच खोटी नव्हती. उत्तर काय आणि का, हे लगेच सांगितलं तर तो धोका बराच कमी होतो. घाईघाईने पुढचा प्रश्न लावणारा शिक्षक नेमकं हेच करायचं टाळतो.

दुसरा पक्ष खेळाच्या गोडीचा. टॉमस मलोन यांनी १९८० च्या सुमारास संगणकी खेळ मुलांना का आवडतात याचा अभ्यास केला. संख्यारेषेवर अपूर्णांक ओळखून बाण मारायचा, फुगा फोडायचा, असा एक खेळ त्यांनी वेगवेगळे भाग काढून-घालून मुलांना दिला. फुगे फुटण्याची कल्पना मुलग्यांना आवडली. मुलींना ती तितकी रुचली नाही. खेळाचा एकच साज सगळ्यांना लागू पडत नाही हे तेव्हाच दिसलं होतं, तरी आजही आपण साऱ्या वर्गाला एकच ठेका वाजवतो. आणि १९७३ चा तो प्रसिद्ध प्रयोग आहेच: चित्रं काढणं ज्यांना मुळात आवडतं अशा बालवाडीतल्या मुलांना बक्षिसाची लालूच दाखवली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली.

राहिला चढाओढीचा प्रश्न. प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं पडद्यावर झळकली की सहाव्या फेरीपर्यंत वर्गातल्या अर्ध्याहून अधिक मुलांना कळून चुकतं की आपलं नाव तिथे कधीच येणार नाही. मग ती वाटेल ते बटण दाबतात, आणि तुमचे दोन खांब खोटे ठरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७० च्या दशकात डेव्हिड डेव्हरीज आणि कीथ एडवर्ड्स यांनी यावर सुरेख तोड काढली होती. मिश्र गटात एकत्र अभ्यास करायचा, पण सामन्याच्या टेबलावर प्रत्येकाची गाठ त्याच्याच तोडीच्या मुलाशी पडेल अशी मांडणी करायची, आणि मिळालेले गुण आपल्या गटाला द्यायचे. त्यात सर्वांत मागे असलेलं मूलही गटाला पूर्ण गुण आणून देऊ शकतं. संगणकाला ही मांडणी चुटकीसरशी जमली असती, तरी बाजारातले बहुतेक खेळ अजून एकाच लांबलचक क्रमवारीवर चालतात. याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

आपल्या मातीत हा खेळ लावताना आणखी काही गाठी सोडवाव्या लागतात. मराठी घरात बहुपर्यायी प्रश्नाची ओळख बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेतून होते, जी पूर्वी चौथी-सातवीत असे आणि २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीत नेली गेली. चार पर्याय दिसले की पालकांना सरावसंच आठवतो आणि शिक्षकाला निकाल. उलट २०१० पासून आपल्या शाळांत आलेल्या आकारिक मूल्यमापनात नेमकं हेच अपेक्षित होतं, की मूल शिकत असतानाच ते कुठे अडलंय हे पाहावं. त्याचं पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या भरण्याचं काम झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्नखेळ ती नोंद आपोआप करून ठेवतो, आणि वाचलेल्या वेळात मुलांकडे पाहता येतं.

भाषेची अडचण मात्र कुणी फारशी बोलत नाही, आणि ती रोजची आहे. टंकलेलं उत्तर तपासताना यंत्र अक्षराचं रूप पाहत नाही, प्रत्येक चिन्हाचा क्रमांक पाहतं. उत्तरसूचीत सातचा इंग्रजी आकडा असेल आणि मुलाने ‘७’ टंकला, तर गणित बरोबर येऊनही यंत्र चूक म्हणू शकतं. ‘ॲसिड’मधलं पहिलं अक्षर दोन रीतींनी टंकता येतं: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘विद्यार्थी’ आपण तीन अक्षरांत मोजतो, यंत्र त्याची दहा चिन्हं मोजतं, त्यामुळे जिथे प्रश्नाच्या लांबीला मर्यादा असते तिथे मराठी वाक्य अर्ध्यात तुटतं. जुन्या श्रीलिपीतल्या प्रश्नपत्रिका तशाच उचलून चिकटवल्या तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा चिवडा येतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ आहेच: विज्ञानाच्या प्रश्नात ‘ऊर्जा’ला ‘उर्जा’ लिहिलं म्हणून मुलाला शून्य मिळावं का? हे शिक्षकाने ठरवायचं आहे, आणि एकाच प्रश्नाला अनेक मान्य उत्तरं नोंदवायची सोय असलेलं साधन निवडायचं आहे.

घड्याळाचंही तसंच. वेगाला गुण दिले की वाचनात मागे असलेलं मूल उत्तर येत असूनही हरतं, मग आपण विज्ञान तपासतो आहोत की वाचनाचा वेग, हे कळेनासं होतं. काहूटमध्ये एका प्रश्नाला पाच सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत वेळ देता येतो. तिसरी-चौथी एका खोलीत बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत तर प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं आणि घड्याळ सैल सोडणं याला पर्याय नाही.

हा विषय आत्ताच ऐरणीवर का आला, तर साधनं शाळेपर्यंत पोचली म्हणून. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ते बालभारतीने उचलले, आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्याच वर्षी शाळा बंद असताना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ उपक्रमातून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला प्रश्न पाठवायला सुरुवात केली. त्या काळात कितीतरी गुरुजी आणि बाई गूगल फॉर्मवर चाचण्या बनवायला शिकल्या. ती सवय शाळा उघडल्यावरही टिकली. काही ठिकाणी तर इतकी, की रोज एक चाचणी आणि तिचं रंगीत प्रमाणपत्र यापलीकडे तिला काही उद्देशच उरला नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. धड्याचा फोटो द्या, मिनिटभरात वीस प्रश्न हजर. ते प्रश्न बहुधा शुद्ध असतात, काही चुकीचेही असतात, पण खरी उणीव त्यांच्या चुकीच्या पर्यायांत असते. ते पर्याय कुठल्याही वर्गाचे असतात, तुमच्या वर्गाचे नसतात. आपल्या मुलांनी गेल्या चाचणीत भागाकारातला शून्य कुठे खाल्ला, ‘पाऊस ढगात साठलेला असतो’ असं कोण म्हणालं, ही माहिती वह्या तपासणाऱ्या माणसाकडेच असते. म्हणून या पुस्तकात प्रश्न कसा लिहावा यापेक्षा चुकीचा पर्याय कुठून आणावा याला जास्त जागा दिली आहे. यंत्राकडून मसुदा घ्यायला आमची हरकत नाही. चारपैकी तीन पर्याय मात्र वह्यांतून यावेत.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. विशिष्ट संकेतस्थळांची बटणं दाबण्याची कृती इथे फारशी सापडणार नाही, कारण ती दर सहा महिन्यांनी बदलतात, फुकटचं विकत होतं, नावं पालटतात. त्याऐवजी कागदी कार्डं, एक फोन आणि एक पडदा, किंवा प्रत्येकी एक उपकरण, अशा तीन परिस्थितींत तोच प्रश्न कसा खेळवायचा ते दाखवलं आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी हा विषय बाजूला ठेवला आहे. त्यासाठी बाजारात पुस्तकांची कमतरता नाही. मुलांनी स्वतः प्रश्न रचण्याचा भाग मात्र अपेक्षेपेक्षा लांबला. सातवीची मुलगी आपल्या मैत्रिणीला फसवणारा चौथा पर्याय शोधू लागते तेव्हा ती तो धडा आपल्या कोणत्याही गृहपाठापेक्षा बारकाईने वाचते, हे पाहिल्यावर तो भाग कापवेना.

मुलांच्या नावांबद्दल मात्र आम्ही आग्रही आहोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. शिक्षकाने वर्गापुरती हजेरी क्रमांकांची किंवा टोपणनावांची यादी करावी, खरी नावं संकेतस्थळावर चढवू नयेत. टोपणनावं मुलांनाच ठरवू द्यावीत, पण आधी एकदा यादी वाचून पाहावी.

शेवटी दिलेले प्रश्नसंच इयत्ता तिसरी ते आठवीच्या गणित, परिसर अभ्यास, विज्ञान आणि मराठी व्याकरणाचे आहेत. प्रत्येक प्रश्नाचा एक पर्याय कोरा ठेवला आहे आणि त्यापुढे आपल्या वर्गातली चूक लिहिण्यासाठी ओळ सोडली आहे. ती भरल्याशिवाय संच वापरू नये, ही विनंती.